वाचक विचारतात : मेडल घ्यायच्या आधी व्हर्नियर घ्या

मागच्या अंकात इटलीतल्या पंधराव्या शतकातल्या मेडलांवर दोन पानं लिहिली होती, म्हणजे रेनेसाँच्या काळात तिकडच्या राजेरजवाड्यांनी आपले चेहरे ब्राँझमध्ये ओतून घेतले आणि एकमेकांना भेट म्हणून वाटले त्याबद्दल, आणि ती मेडलं नोंदवणाऱ्या जुन्या पुस्तकांबद्दल. मला वाटलं होतं कोल्हापुरात हे कोण वाचतंय, पण अकरा पत्रं आली आणि व्हॉट्सॲप वेगळे. जागा आहे तेवढ्यांची उत्तरं देतो, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमची शिरोलीला छोटी फौंड्री आहे. ऑनलाइन एक ब्राँझचं मेडल घेतलं, तळहाताएवढं आहे. एका बाजूला उंच टोकदार टोपीतला दाढीवाला, मागच्या बाजूला तोच घोड्यावर. सेलर म्हणतोय १४३८ चं ओरिजिनल. किंमत विचारू नका, घरात सांगितलेली नाही. फोटो पाठवतोय. खरं आहे का? (एक फौंड्रीवाला, शिरोली)

उत्तर : दादा, तुम्ही फौंड्रीवाले असून हे मला विचारताय, खरं म्हणजे मी तुम्हाला विचारायला पाहिजे. तो टोपीवाला म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा आठवा जॉन पॅलिओलोगस. तुर्क दारात येऊन बसले होते म्हणून पोपकडं मदत मागायला तो १४३८ मध्ये इटलीत फेराराला आला, दोन्ही चर्च एक करायची बोलणी चालली होती, आणि तिथं पिसानेल्लो नावाच्या चित्रकारानं त्याला बघून हे मेडल केलं. रेनेसाँची मेडलं इथनं सुरू झाली असं धरतात. मागच्या बाजूला लॅटिनमध्ये 'चित्रकार पिसानोचं काम' असं लिहिलंय, परत तेच ग्रीकमध्ये पण आहे. गडी मेडल करून स्वतःला पेंटरच म्हणवून घेतोय, हे मला फार आवडतं.

आता तुमच्या कामाचं. या मेडलाचा डायमीटर पुस्तकांत साधारण १०३ मिलिमीटर दिलाय. तुम्ही फोटोत शेजारी पट्टी ठेवलीय (शाबास, बाकीचे लोक रुपयाचं नाणं ठेवतात) तिच्यावर ९८ च्या आसपास दिसतंय. हे पाच मिलिमीटर कुठं गेले ते तुमच्या पॅटर्नमेकरला विचारा, तो हसंल. तो लाकडाचा पॅटर्न (ज्याच्यावरनं साचा काढतात तो नमुना) करताना साधी पट्टी वापरत नाही, श्रिंकेजची पट्टी वापरतो, कारण धातू गार होताना आकसतो, बिडाला साधारण एक टक्का आणि ब्राँझला दीड टक्क्यापर्यंत धरतात. मेडलाचं पण तसंच, कुणीतरी खरं मेडल घेऊन त्याचाच साचा काढतो आणि त्यात ब्राँझ ओततो, पण इथं श्रिंकेज धरायला कोणी बसलेलं नसतंय. १०३ चं झालं साडेएकशेएक, त्याच्यावरनं परत कुणी काढलं की शंभर, त्याच्यावरनं परत की साडेअठ्ठ्याण्णव. म्हणजे तुमचं मेडल बादशहाचं बहुतेक पणतू आहे, निदान नातू तरी.

पण एकाच जागी मोजून निकाल लावू नका. ओतलेली मेडलं पूर्ण गोल नसतात, चार ठिकाणी व्हर्नियर (मिलिमीटरचा बारीक भाग मोजणारी सरकपट्टी) लावा, आणि खऱ्याखऱ्या जुन्या नगांत पण एखादा मिलिमीटर इकडंतिकडं असतोच. पुढचं काम डोळ्याचं. अक्षरांच्या कडा बघा, पहिल्या हातच्या ओतकामात अक्षर मेणातनं कोरल्यासारखं उभं राहतंय, नक्कल झाली की कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात आणि खोलगट जागी बारीक पुटकुळ्या येतात. तुमचा मोल्डर असल्या पुटकुळ्या रोज बघतोय, त्याला दाखवा, काय आहे ते सांगू नका, नुसतं विचारा की हा जॉब कसा वाटतो.

नक्कल आहे म्हणून फेकू नका हं. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या नकला पण लोक जमवतात. फक्त पैसे नकलेचे द्यायचे. सेलरशी भांडायचं असलं तर आधी मापं कागदावर लिहून काढा, "मला वाटतं" म्हणून भांडलात तर हराल.

प्रश्न : मेडल आणि नाणं यात फरक काय? दोन्हीवर राजाचा चेहरा, दोन्ही गोल. आमच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले मेडल शर्यतीत मिळतं. (कॉलेजची विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : सरांचं चूक नाही, आपल्याकडं मेडल म्हणजे तालमीत नाहीतर शाळेत मिळालेलं. ह्या मेडलानं मात्र काही विकत घेता येत नव्हतं आणि ते जिंकता पण येत नव्हतं, ते द्यायचं असायचं. तू तुझा फोटो मागं एक ओळ लिहून मैत्रिणीला देतेस ना, तसं. पुढं चेहरा आणि मागं माणसाचं मन. फेराराच्या लिओनेल्लोनं १४४४ मध्ये लग्नाच्या निमित्तानं पिसानेल्लोकडनंच मेडल करून घेतलं, त्याच्या मागच्या बाजूला एक सिंह उभा आहे आणि पंखवाला छोटा कामदेव त्याला कागद धरून गाणं शिकवतोय. लिओनेल्लो म्हणजे छोटा सिंह, तेव्हा लग्न झालं आणि सिंह गायला लागला! मांटुआची चेचिलिया गोंझागा लग्नच नको म्हणून मठात गेली, तिच्या १४४७ च्या मेडलावर मागं चंद्रकोर, आणि एका मुलीच्या पायाशी शांत बसलेला एकशिंगी प्राणी. आर्किटेक्ट अल्बेर्तीनं आपल्या मेडलावर काय घातलं, तर पंख असलेला एक डोळा आणि खाली दोन लॅटिन शब्द, 'पुढं काय?'

आणि एक मजा. रिमिनीचा मालातेस्ता होता, लढवय्या आणि भांडखोर, त्यानं आपल्या चेहऱ्याची मेडलं १४४६ ची तारीख घालून करून घेतली आणि आपल्या किल्ल्याच्या न् देवळाच्या बांधकामात, भिंतीत-पायात पुरली. आपण पायाभरणीला नाणं टाकतो ते वास्तुपुरुषासाठी, ह्यानं टाकलं ते पाचशे वर्षांनी कुणी खोदलं तर आपला चेहरा वर यावा म्हणून. आला पण.

प्रश्न : मी ग्रंथालयातून रिटायर झालो. सोळाव्या शतकातली मेडलांची पुस्तकं लाखांत जातात म्हणे. त्यातलं चित्र म्हणजे पुरावा धरायचा का? पुस्तकं आधी जमवावीत का मेडलं? (निवृत्त ग्रंथपाल, मंगळवार पेठ)

उत्तर : काका, याच्यावर मी तासभर बोलू शकतो, थोडक्यात बसवायचा प्रयत्न करतो. पहिली गोष्ट, त्या काळात इटलीत 'मेडाल्या' म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं जुनं रोमन नाणं यायचं. ही पुस्तकं पण बहुतेक रोमन नाण्यांचीच आहेत, आणि त्यात भांडणं पण भारी आहेत. एनेआ विको यानं १५५५ मध्ये व्हेनिसला पुस्तक काढून सांगितलं की बाबांनो हे रोमन लोकांचे चलनी पैसे होते, तर सेबास्तियानो एरित्झो चार वर्षांनी १५५९ मध्ये म्हणतो, छे, इतकी सुंदर वस्तू बाजारात खर्चायला केलेली असेल होय, ही आठवणीची मेडलंच. चूक एरित्झो होता, पण त्याला तसं का वाटलं ते कळतंय की नाही?

आता पुराव्याचं. रोममध्ये १५१७ साली आंद्रेआ फुल्व्हिओचं पुस्तक निघालं, नाण्यांवरनं काढलेल्या थोरामोठ्यांच्या चेहऱ्यांचं, काळ्या पार्श्वभूमीवर गोल चित्रं, देखणं काम. त्यात ज्याचं नाणं मिळालं नाही त्याचा गोल मोकळा सोडलाय. ३६ वर्षांनी फ्रान्समधल्या लियाँचा पुस्तकवाला गियोम रुइए १५५३ मध्ये आठशेच्या वर चेहरे छापतो, लॅटिन, फ्रेंच, इटालियन अशा तीन भाषांत एकाच वर्षी, आणि सुरुवात कुणापासनं? ॲडम आणि ईव्ह! दोघांचं मेडल छापलंय, गोल चौकटीत, जणू फोटो काढून ठेवला होता. पुस्तक तुफान चाललं असणार यात मला शंका नाही. माझं विचाराल तर तो मोकळा गोल मला जास्त मोलाचा वाटतो, पण घरी भिंतीवर लावायला रुइएचं पान मिळालं तर मी पण सोडणार नाही.

त्यामुळं ही पुस्तकं ठेवा ती छपाईसाठी. १५५७ चं ह्युबर्ट गोल्टझियसचं अँटवर्पचं पुस्तक बघा, रोमन बादशहांचे मोठे चेहरे, रेघा कोरीव पत्र्यावरनं आणि रंगाच्या छटा लाकडी ठोकळ्यांवरनं, एकावर एक छापलेल्या, आपले लोक साडीवर ठसे मारतात त्याच बेताचं. अठराव्या शतकात ब्रेशाच्या माझ्झुकेल्ली सरदाराच्या संग्रहाचे दोन जाड खंड व्हेनिसहून निघाले, १७६१ ते ६३, तिथं मेडलांची पानंच्या पानं कोरीव चित्रं आहेत, पण चित्रकारानं नाक आपल्या मनानं सरळ केलेलं असू शकतंय.

मापाला ही पुस्तकं चालत नाहीत. मापाला लागतो आल्फ्रेद आर्मां, फ्रेंचमध्ये तीन भाग, १८८३ ते ८७, आणि त्याच्यानंतर ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज हिलनं १९३० मध्ये काढलेले दोन मोठे खंड, चेल्लिनी या सोळाव्या शतकातल्या सोनार-शिल्पकाराच्या आधीच्या इटालियन मेडलांचे. हिलमध्ये कोण, कधी, मागं काय लिहिलंय, किती मिलिमीटर, आणि कुठल्या म्युझियमात कसला नग आहे, सगळं आहे, आणि प्लेटा, म्हणजे चित्रांची पानं, फोटोवरनं छापलेल्या. लिलावाच्या कॅटलॉगात अजून नुसतं 'हिल' आणि पुढं नंबर टाकतात, आपण सातबारा नंबर सांगतो तसं. वरच्या शिरोलीच्या दादांचा निकाल अशाच नोंदीवर लागलाय.

तेव्हा माझं मत एवढंच : सोळाव्या शतकातलं पुस्तक हौस म्हणून, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं हत्यार म्हणून, आणि हत्यार आधी घ्यायचं. आर्मां आणि फोररचा मेडल-कलाकारांचा कोश स्कॅन होऊन नेटवर फुकट पडलेत. पैसा खर्चायचाच तर फ्लॉरेन्सहून निघालेली हिलची १९८४ ची रिप्रिंट बघा.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत लंडनला छापलेलं मेडलांच्या चित्रांचं पुस्तक सापडलं, चित्रांवर पातळ कागद आहे. २०१९ च्या पुरात ट्रंक खालच्या खोलीत होती, पाणी लागलं नाही पण ओल लागलीय. लॅमिनेट करू का? (गृहिणी, नागाळा पार्क परिसर)

उत्तर : ताई, लॅमिनेशनवाल्याच्या दुकानासमोरनं पण ते पुस्तक नेऊ नका. सेलोटेप पण नको, त्याचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो आणि मग निघत नाही. पातळ कागद काढू नका, चित्राची शाई समोरच्या पानाला लागू नये म्हणून तो असतो. चकचकीत कागदावरच्या प्लेटा असतील तर पहिल्यांदा एवढं बघा की पानं एकमेकाला चिकटली आहेत का, कारण त्या कागदावर मातीचा थर असतोय, ओला होऊन दाबात वाळला की वीट होते. चिकटलेलं नखानं सोडवू नका, जाणकाराकडं न्या. नुसता दमट वास असेल तर सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, पुस्तक उभं करून पानं थोडी उघडी ठेवा, ऊन नको. मग माळ्यावर नको, पत्र्याच्या बंद ट्रंकेत तर नकोच, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि श्रावण संपेपर्यंत आठवड्याला एकदा दार उघडा.

आणि परत कधी पंचगंगा आत आली, २०२१ ला आलीच होती, आणि पुस्तक भिजलं, वाळवायला वेळ नाही, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. खरंच सांगतोय. बुरशी तिथंच थांबते, मग सवडीनं बघता येतं. घरचे हसतील, हसू द्या.

एक नवल सांगतो. तुमच्या आजोबांच्या शंभर वर्षांच्या पुस्तकापेक्षा चारशे वर्षांचं पुस्तक बऱ्याचदा ठणठणीत असतं, कारण जुना कागद चिंध्यांचा, नंतरचा लाकडाच्या लगद्याचा. लगद्याच्या कागदात आम्ल, तो आपल्या आपण पिवळा पडतो आणि मोडतो.

प्रश्न : जुनं मेडल कुरियरनं परदेशातल्या मित्राला भेट पाठवता येईल का? (व्यापारी, लक्ष्मीपुरी)

उत्तर : नको. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, शंभर वर्षांवरच्या असल्या वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हस्तलिखितांना तर ७५ वर्षांची मर्यादा आहे. शंका असली तर पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा, कुरियरवाल्याला नव्हे.

प्रश्न : महिन्याला हजारभर रुपये बाजूला टाकतो. यात हा नाद करता येईल का? (क्लार्क, कसबा बावडा)

उत्तर : पिसानेल्लो येणार नाही, पण नाद होईल. पॅरिसच्या टांकसाळीनं जुन्या साच्यांवरनं परत छापलेली मेडलं मिळतात, त्यांच्या कडेवर बारीक खूण असते आणि त्यावरनं काळ कळतो. हाताचं बोट दाखवणारी खूण असली तर १८४५ ते ६०, मधमाशी असली तर त्याच्यापुढची वीसेक वर्षं, आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असलं तर १८८० नंतरचं. कड बघायची सवय लागली की अर्धी विद्या आली. आणि खर्चाशिवाय हात बसवायचा असेल तर रविवारी टाऊन हॉल म्युझियममध्ये जावा, ब्रह्मपुरीच्या उत्खननातला तो रोमन घडणीचा ग्रीक समुद्रदेव पोसायडन आहे, ब्राँझचा, एवढासा. जुन्या ब्राँझचा हिरवट-काळा रंग मुरलेला कसा असतो आणि ॲसिडनं आणलेला कसा दिसतो, ते पाच-सहा वेळा खरं बघितल्याशिवाय कळत नाही. मी अजून जातो.

प्रश्न : मेमध्ये आम्ही ज्येष्ठ नागरिक मंडळी टूरबरोबर इटलीला जाणार. फ्लॉरेन्सला एक दिवस आहे. मेडलं कुठं बघायची? (टाकाळा)

उत्तर : बार्जेल्लो. एके काळी तिथं तुरुंग होता, १८६५ पासून म्युझियम आहे, फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेडिची घराण्याची मेडलं तिथं आहेत. टूरवाले नेत नाहीत, कॅथेड्रलपासनं चालत जावा. आणि कॅथेड्रलमध्ये उभं असताना आठवा की १४७८ मध्ये भर प्रार्थनेत तिथं लोरेंझो मेडिची आणि त्याचा भाऊ जुलियानो यांच्यावर मारेकरी घातले, जुलियानो मेला, लोरेंझो वाचला. बेर्तोल्दो नावाच्या शिल्पकारानं त्याच वर्षी त्या हल्ल्याचंच मेडल केलं, एका बाजूला लोरेंझोचा चेहरा आणि 'जनतेचं कल्याण', दुसऱ्या बाजूला जुलियानो आणि 'जनतेचा शोक', खाली चर्चच्या आतली मारामारी, मुंगीएवढी माणसं. आजची पेपरची पहिली बातमीच म्हणा.

पण त्याच्याही आधी, तुम्ही कोल्हापूरचे आहात, तर कासिने बागेच्या टोकाला जाऊनच या. आपले राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परत येताना फ्लॉरेन्सला वारले, ३० नोव्हेंबरला, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा, फुलर नावाच्या शिल्पकारानं केलेला. छत्रीचं डिझाइन मेजर मँटचं, ज्यानं आपला नवा राजवाडा बांधला तोच. शेजारच्या मोठ्या पुलाला तिथले लोक 'इंदियानो'चा, म्हणजे हिंदी माणसाचा, पूल म्हणतात. महाराजांनी त्या प्रवासाची डायरी लिहिली होती, कॅप्टन वेस्टनं ती १८७२ मध्ये लंडनला छापली. ग्रंथपाल काकांनी विचारलं ना दुर्मीळ पुस्तक कुठलं जमवावं, माझ्या मते कोल्हापूरकरानं पहिलं हे शोधावं, मेडलं नंतर.

प्रश्न : दर वेळी लोकांना शहाणपण सांगता, तुम्ही स्वतः कधी फसलाय का? (नाव नको)

उत्तर : फसलोय की. चेचिलिया गोंझागाचं मेडल एका विक्रेत्याकडनं घेतलं, नाव सांगत नाही, त्याला पण बहुतेक माहीत नव्हतं. व्हर्नियर लावला, ८७ मिलिमीटर, पुस्तकात पण ८७. अक्षरं कडक, प्राण्याच्या अंगावरचा केस न् केस दिसतोय. रात्रभर झोप नाही आली आनंदानं. चार महिने सगळ्यांना दाखवत फिरलो.

मग गुजरीतल्या एका ओळखीच्या सोनारकाकांकडं डबी करायला नेलं. त्यांनी ते बोटाच्या टोकावर तोलून धरलं आणि चिमट्यानं हळूच टिचकी मारली. ठप्प. परत मारली, परत ठप्प. काही न बोलता भिंग लावून कड बघितली आणि माझ्याकडं सरकवली, कडेनं सगळीकडं केसाएवढी सांध्याची रेघ. इलेक्ट्रोटाइप होतं. म्हणजे खऱ्या मेडलाचा साचा घेऊन गिलीटवाले करतात तसं टाकीत विजेवर तांब्याचा थर चढवायचा, पुढची न् मागची अशी दोन टरफलं काढायची, आत शिसं भरायचं आणि जोडायचं. यात ओतकामच नाही म्हणून श्रिंकेज पण नाही, आणि व्हर्नियर गप्प बसतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी असली कामं करायचा, अभ्यासाला म्हणून, उघडउघड, कडेवर आपल्या नावाचं अक्षर मारून. माझ्याच्या कडेवर पण एक आर होता. चार महिने मी तो ओरखडा समजत होतो.

डबी काकांनी करून दिली, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, चहा सांगा.